चांदीच्या डबीची आतली बाजू



गेल्या व्याख्यानानंतर जिना उतरताना एका गृहस्थांनी विचारलं, "सर, पुढच्या वेळी काय?" आम्ही म्हटलं, "आगकाडीची डबी." ते हसले आणि म्हणाले, "तासभर पुरेल?" पुरतो की नाही ते तुम्हीच ठरवा. विषय आपल्या नेहमीच्या काडेपेटीचा नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेत माणसं आगकाड्या ज्या चांदीच्या, क्वचित सोन्याच्या, डब्यांत घालून वास्कटाच्या खिशात बाळगत, त्या डब्यांचा आहे. इंग्रज या डबीला 'व्हेस्टा केस' म्हणतात, अमेरिकन माणूस 'मॅच सेफ' म्हणतो. आज जगभर हजारो लोक या डब्या जमवतात.

त्यातली एक इथे टेबलावर आहे. लांबी दोन इंच, रुंदी दीड इंचाला थोडी कमी. कोपरे गोल, म्हणजे खिसा फाटू नये. एका अंगाला छोटी कडी, साखळीत अडकवायला. झाकण बिजागरीवर उघडतं आणि मिटताना 'टक्' असा आवाज करतं. तळाला बारीक खाचा आहेत, कानशीसारख्या. त्यावर काडी ओढायची. बाहेरून वेलबुट्टी कोरलेली आहे आणि मध्ये एक रिकामं वर्तुळ सोडलंय, मालकाची आद्याक्षरं घालायला. या डबीच्या मालकानं ती कधी घातलीच नाहीत.

ही आमच्याकडे कशी आली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिथल्या एका आठवडी जुन्या बाजारात एक विक्रेता ही 'तपकिरीची डबी' म्हणून विकत होता. आमच्या वडिलांना तपकिरीचं व्यसन होतं, त्यामुळे त्या शब्दाला आम्ही भुललो. घरी येऊन पाहतो तो तळाला खाचा. तपकिरीला खाचा कशाला लागतात? तेव्हा कुठे शोध सुरू झाला. पण त्याआधी आम्ही एक मूर्खपणा करून बसलो होतो. डबी काळवंडलेली होती. आपल्याकडे दिवाळीत चांदीची भांडी काढतात तशी दात घासायच्या पावडरीनं घासली. चांगली चकचकीत झाली. त्या चकचकाटात काय गेलं, ते पुढे कळलं. त्यावर येतोच.

आता जरा मागे जाऊ. विस्तव पेटवणं ही पूर्वी फार वेळखाऊ गोष्ट होती. आपल्याकडे शेतकऱ्याच्या पिशवीत चकमक असायची, म्हणजे गारगोटीचा तुकडा, पोलादाचा तुकडा आणि ठिणगी धरायला कापूस. घरात चूल विझली तर बायका शेजारी विस्तव मागायला जात. युरोपातही वेगळं नव्हतं. तिथेही गार, पोलाद आणि जळकी चिंधी यांचा डबा प्रत्येक घरात असे.

इंग्लंडच्या उत्तरेला स्टॉकटन-ऑन-टीज नावाचं गाव आहे. तिथे जॉन वॉकर नावाचे औषधविक्रेते होते. त्यांनी अँटिमनी सल्फाइड, पोटॅशियम क्लोरेट आणि डिंक यांचं मिश्रण काडीच्या टोकाला लावलं आणि ती खरखरीत कागदातून ओढली की पेटते हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या दुकानाच्या रोजकीर्दीत अशा काड्यांच्या विक्रीची पहिली नोंद ७ एप्रिल १८२७ ची आहे. गिऱ्हाईक होते गावातले एक वकील. आम्हाला त्या नोंदीतली गंमत वाटते ती वेगळीच. काड्यांचे पैसे वेगळे आणि पत्र्याच्या डबीचे वेगळे लावले आहेत. म्हणजे घर्षणाची आगकाडी बाजारात आली त्याच दिवशी तिची डबीही आली. वॉकर यांनी पेटंट घेतलं नाही. मग लंडनच्या एका व्यापाऱ्यानं तीच काडी 'ल्युसिफर' या नावानं खपवली. ल्युसिफर म्हणजे प्रकाश आणणारा, आणि सैतानाचंही तेच नाव. नाव ठेवणाऱ्याला पुढचं काही दिसलं होतं की काय, असं आम्हाला कधीकधी वाटतं.

कारण १८३० च्या सुमाराला फ्रान्समध्ये शार्ल सोरिया या तरुणानं काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस घातला. आता काडी कशावरही पेटू लागली. भिंतीवर, बुटाच्या टाचेवर, विजारीवर. सोय मोठी झाली, आणि धोकाही. पांढरा फॉस्फरस अंगाच्या उष्णतेच्या आसपासच पेट घेऊ शकतो. खिशात सुट्ट्या काड्या ठेवल्या आणि माणूस जरा जोरात चालला, तर खिसा पेटायचा. १८३२ मध्ये विल्यम न्यूटन यांनी इंग्लंडमध्ये मेणात बुडवलेल्या सुती दोऱ्याच्या काडीचं पेटंट घेतलं. आपली काडवात असते ना, तिच्या टोकाला गुल लावलं तर कशी दिसेल तशी. तिला नाव पडलं 'व्हेस्टा'. व्हेस्टा ही रोमन लोकांची चुलीची देवता. तिच्या देवळात अखंड अग्नी असे आणि तो सहा कुमारिका सांभाळत. अग्नी विझला तर त्या कुमारिकेला फटके मिळत. अग्निहोत्र सांभाळणाऱ्यांच्या वंशातले कुणी इथे असतील तर त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही, फटके सोडून.

तर अशी ही पेटायला उतावीळ काडी खिशात ठेवायची, म्हणून धातूची घट्ट मिटणारी डबी. सुरुवातीला ती पत्र्याची, पितळेची. मग विडी-सिगारेटचा शौक वाढला, वास्कटावर घड्याळाची साखळी आली, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी अडकवायला हवं म्हणून चांदीची डबी आली. या डब्यांचा खरा बहर साधारण १८८० ते १९१४.

बहुतेक इंग्रजी डब्या बर्मिंगहॅमच्या. त्या शहरात सोनारांचा एक अख्खा मोहल्ला आहे, ज्वेलरी क्वार्टर. एक पत्रा ठोकणारा, एक बिजागरी बसवणारा, एक कोरणारा, एक उजाळा देणारा, अशी कामाची वाटणी. वस्तू तयार झाली की ती सरकारमान्य तपासणी कचेरीत जायची. तिथे चांदीचा कस पाहायचा, हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असेल तरच ठसे मारायचे. बर्मिंगहॅमची ही कचेरी १७७३ ची आहे, आणि तिचा ठसा काय, तर जहाजाचा नांगर! समुद्र कुठे, बर्मिंगहॅम कुठे. चेस्टरचा ठसा तीन गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार, लंडनचा बिबळ्याचं तोंड.

आमच्या डबीच्या झाकणाच्या कडेला भिंगातून पाच ठसे दिसतात. एक, बनवणाऱ्याची अक्षरं. दोन, चालता सिंह, म्हणजे कस बरोबर. तीन, नांगर. चार, एक छोटं 'ओ' अक्षर. आणि पाचवा... पाचवा ठसा आमच्या दात घासायच्या पावडरीनं जवळजवळ पुसून टाकलाय. बाकीचे चार खोल होते, हा उथळ होता. नीट तिरका प्रकाश पाडला तर एका बाईचं डोकं दिसतं, बाजूनं. ती राणी व्हिक्टोरिया. हा कर भरल्याचा ठसा. तेव्हा इंग्लंडमध्ये चांदीच्या वस्तूवर औंसामागे दीड शिलिंग कर होता. तो भरला की राणीचा मुखवटा मारायचा. १८९० मध्ये कर रद्द झाला, आणि मुखवटाही गेला. एवढ्या एका ठशावरून सांगता येतं की डबी १८९० च्या आधीची आहे. आणि तोच आम्ही घासून काढत होतो! जमवणाऱ्यांचा पहिला नियम 'घासू नका' हा असतो. आम्हाला तो नंतर कळला.

'ओ' हे अक्षर वर्षाचं. बर्मिंगहॅममध्ये दर जुलैत अक्षर बदलायचं. १८७५ ला 'ए' पासून सुरुवात, मध्ये 'जे' वगळायचा. मोजत या. 'ओ' येतो १८८८ ला. म्हणजे जुलै १८८८ ते जून १८८९ या बारा महिन्यांत कधीतरी ही डबी त्या कचेरीच्या टेबलावर होती. ही तारीख लक्षात ठेवा. ती आपल्याला पुन्हा लागणार आहे.

मध्येच एक प्रश्न. चांदीची डबी साध्या कारकुनाच्या खिशात कशी गेली? आधीच्या पिढीत हे शक्य नव्हतं. उत्तर बाजारभावात आहे. १८७० च्या सुमाराला लंडनमध्ये चांदी औंसाला ६० पेन्सच्या आसपास होती. मग जर्मनीनं चांदीचं चलन सोडून सोन्याचं धरलं, अमेरिकेत नेवाडाच्या खाणींतून चांदीचा पूर आला, आणि भाव घसरत गेला. १८८८ मध्ये तो ४३ पेन्सच्या आसपास होता. इंग्रज कारकुनाला चांदी स्वस्त झाली. पण आपला रुपया चांदीचा होता. दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या पातळीवर आला. लंडनला दरवर्षी जी रक्कम पौंडांत पाठवावी लागे तिच्यासाठी हिंदुस्थानच्या रयतेला जास्त रुपये मोजावे लागले. अखेर १८९३ मध्ये मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. अर्थशास्त्राच्या लोकांनी आम्हाला क्षमा करावी, आम्ही हे फार थोडक्यात सांगितलं. पण खिशातली दोन इंचांची वस्तू कुठल्या कुठे जाऊन पोचते ते पाहा.

आता जमवणाऱ्यांना वेड लावणारा भाग. आकार! डुक्कर, घुबड, बूट, कवटी, कुत्र्याचं तोंड. राणीच्या राज्यारोहणाच्या १८८७ आणि १८९७ च्या ज्युबिल्यांच्या डब्या. काहींत एक बाजूला काड्या आणि दुसऱ्या बाजूला सोन्याची मोहोर ठेवायला स्प्रिंगचा कप्पा. काहींना सिगारचं टोक कापायची कात्री, काहींना शिट्टी. काहींच्या डोक्यावर एक बारीक भोक असतं. रात्री निजताना एक काडी पेटवून त्या भोकात उभी करायची, ती विझेपर्यंत माणूस अंथरुणात शिरलेला असायचा. हे भोक आम्हाला सगळ्यांत आवडतं. अंधाराची भीती एवढ्या काटकसरीनं सोडवलेली आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

लंडनच्या सॅम्पसन मॉर्डन या कंपनीचं नाव जमवणारे जरा हळू आवाजात घेतात. पेन्सिलीचं शिसं पुढे सरकवायची युक्ती १८२२ मध्ये पेटंट करणारे ते हेच मॉर्डन. त्यांच्या कंपनीनं पहारेकऱ्याच्या चौकीच्या आकाराची डबी काढली, आणि तिच्यावर लाल डगल्यातला शिपाई मीनाकारीत रंगवला. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सची गोरहॅम, न्यूअर्कची अंगर ब्रदर्स. त्यांच्या डब्यांवर मोकळ्या केसांच्या बायका, लाटा, कमळं, अशी उठावाची कामं.

सोन्याबद्दल फार बोलत नाही, कारण सोन्याच्या डबीत आगकाडीपेक्षा सोनंच जास्त बोलतं. इंग्रजी सोन्याच्या डब्या बहुधा ९ कॅरटच्या, काही १५ आणि १८ च्या. १५ कॅरट हा कस इंग्लंडमध्ये १९३२ ला बंद झाला, त्यामुळे १५ चा ठसा दिसला की वस्तू त्याआधीची. रशियात पीटर्सबर्गला फाबर्जे यांच्या कारखान्यात दोन-तीन रंगांच्या सोन्याच्या, अर्धपारदर्शक मीना चढवलेल्या डब्या झाल्या. आम्ही त्या काचेआडून पाहिल्या आहेत. सुंदर आहेत. पण त्यांच्या खाचांवर कधी कुणी काडी ओढली असेल असं वाटत नाही, आणि मग आमचं मन त्यांच्यात रमत नाही.

इथे आपली हिंदुस्थानी सोनारकीही येते. कच्छच्या भुजमध्ये उमरशी मावजी हे मोठे कारागीर होते. त्यांच्या घराण्याचा वेलींत वेली गुंतवलेला घाट साहेब लोकांना फार आवडे. मद्रासकडे देवादिकांच्या मूर्तींचा उठाव असलेलं 'स्वामी' काम. कच्छी आणि स्वामी कामाच्या आगकाडीच्या डब्या आजही विलायतेतल्या लिलावांत दिसतात. त्या साहेबांसाठी होत्या. आपल्या माणसाला ती डबी लागत नव्हती. त्याच्या चंचीत चुन्याची डबी आधीच होती, तीही काही घरांत चांदीची, साखळीला अडकवलेली, टक् करून मिटणारी. आम्ही ही व्हेस्टा पहिल्यांदा घरात दाखवली तेव्हा आमच्या थोरल्या बहिणीनं उघडून वास घेतला आणि विचारलं, "चुना कुठल्या बाजूला?"

किंमत वाढली की खोटेपणा आलाच. एक सांगून ठेवतो, कारण श्रोत्यांत दोघं-तिघं जमवणारे आहेत. या क्षेत्रात अख्खी डबी खोटी क्वचित असते. डबी खरी, साधी, व्हिक्टोरियन, ठसे अस्सल; आणि तिच्यावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कुणीतरी मीनाकारीचं चित्र चढवलेलं. शर्यतीचा घोडा, नाहीतर कपडे न घातलेली बाई. साध्या डबीची किंमत त्यानं कितीतरी पट होते. ओळखायचं कसं? जुनी मीना डबी तयार होतानाच बसवलेली असते, तिच्यासाठी चांदीत जागा कोरून ठेवलेली असते. नवी मीना वर येऊन बसल्यासारखी वाटते, आणि आजूबाजूला चांदी घासली गेलेली असताना मीना मात्र कोरी करकरीत. बिजागरीजवळ डाक दिल्याची खूण पाहा. कडी नंतर बसवली आहे का पाहा. आणि तळाच्या खाचा पाहा. खऱ्या वापरातल्या डबीच्या खाचा सगळीकडे सारख्या झिजत नाहीत, कारण माणूस सवयीनं एकाच बाजूनं काडी ओढतो. आमच्या डबीच्या खाचा एका कोपऱ्यात जवळजवळ गुळगुळीत झाल्या आहेत. नाव न घातलेल्या त्या मालकाची एवढी एकच सही आमच्याकडे आहे.

आता डबी उघडू. आत पिवळं दिसतंय ना? तो सोन्याचा मुलामा. बाहेर, जिथे लोकांना दिसतं, तिथे नुसती चांदी. आत, जिथे कुणी पाहत नाही, तिथे सोनं. सामान्य नियम याच्या उलट असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हाला यात मोठी अभिरुची दिसली होती. पुढे एका जाणकारानं कारण सांगितलं आणि आमचा तो आनंद गेला. काडीच्या गुलातली रसायनं चांदी खातात. त्यांचा संसर्ग चांदीला होऊ नये म्हणून सोन्याचा पातळ थर. बर्मिंगहॅमच्या कारागिराला हे माहीत होतं. त्यानं धातूचं रक्षण केलं.

आणि ज्या हातांनी ती काडी बनवली त्यांचं?

पांढऱ्या फॉस्फरसची वाफ श्वासात, बोटांतून भाकरीच्या तुकड्यावर आणि तिथून तोंडात जायची. किडलेल्या दाताच्या वाटेनं ती जबड्याच्या हाडात शिरायची. आधी दातदुखी, मग सूज, मग पू, मग हाड मरायचं. वास असा की घरचे लोक त्या माणसाबरोबर एका खोलीत बसू शकत नसत. उपाय एकच, जबड्याचं हाड काढून टाकणं. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १८४० च्या दशकातच या रोगाचं वर्णन केलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं असं कुणालाही म्हणता येत नाही. आणि पर्याय नव्हता असंही नाही. स्वीडनमध्ये पाश यांनी १८४४ मध्ये सुरक्षित काडीचं पेटंट घेतलं होतं. लुंडस्ट्रॉम बंधूंनी तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला लावून ती काडी सुधारली, १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं, आणि त्याच वर्षी लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीनं तिचे इंग्लंडपुरते हक्क विकतही घेतले. कंपनी सुरक्षित काडी बनवत होती. पण ती महाग पडे, आणि गिऱ्हाइकाला कुठेही पेटणारी काडी हवी होती. टाचेवर. विजारीवर. चांदीच्या डबीच्या खाचांवर.

आम्ही एक प्रयोग केला. घरातल्या साध्या काडेपेटीतली काडी या खाचांवर ओढून पाहिली. पाच-सहा काड्या मोडल्या, एकही पेटली नाही. पेटणारच नाही, तिचा अर्धा मसाला पेटीच्या कडेला असतो. म्हणजे या खाचा नुसती नक्षी नव्हे, तो एक पुरावा आहे. त्या कुठल्या जातीच्या काडीसाठी केल्या आहेत ते त्या सांगतात. १९०० नंतरच्या डबीबद्दल आम्ही असं ठाम बोलणार नाही, कारण तोवर दुसरं, कमी घातक रसायन निघालं होतं. पण १८८८ च्या डबीबद्दल शंका ठेवायला जागा फार थोडी.

१८८८. लंडनच्या पूर्व भागात बो इथे ब्रायंट अँड मेचा कारखाना होता. कामाला बहुतेक बायका आणि मुली. २३ जून १८८८ ला ॲनी बेझंट यांनी आपल्या 'द लिंक' या पत्रात त्यांच्याबद्दल लेख लिहिला. मथळा होता 'लंडनमधली गोरी गुलामगिरी', असा आपण त्याचा अनुवाद करू. होय, त्याच बेझंटबाई. पुढे थिऑसॉफीकडे वळून हिंदुस्थानात आल्या, १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगच्या जोडीनं आपली लीग काढली आणि १९१७ ला काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. आपल्याकडे त्यांची ओळख त्या टप्प्यावर सुरू होते, त्यामुळे हा आधीचा अध्याय आपल्या पुस्तकांत येत नाही. त्या लेखात मुलींना होणारे दंड आहेत: पाय मळले म्हणून, बोलल्या म्हणून, उशिरा आल्या म्हणून. एका सोळा वर्षांच्या मुलीचा हिशेब आहे. आठवड्याची कमाई ४ शिलिंग. त्यातले २ शिलिंग खोलीच्या भाड्याचे. जेवण म्हणजे पाव, लोणी आणि चहा.

कंपनीनं मुलींकडून 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी सही केली नाही. एकीला कामावरून काढलं, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १४०० जणी बाहेर पडल्या. संपाचं श्रेय वर्षानुवर्षं बेझंटबाईंना दिलं गेलं. लुईझ रॉ या अभ्यासिकेनं अलीकडे दाखवून दिलं की संप त्या बायकांनी स्वतः उभा केला, बाईंनी साथ दिली, पैसा आणि प्रसिद्धी मिळवून दिली. जुलैच्या मध्यावर कंपनी नमली. दंड बंद झाले. आणि एक मागणी मान्य झाली जी आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: जेवायला वेगळी जागा. फॉस्फरसच्या टेबलावर पाव खायचा नाही.

बर्मिंगहॅममध्ये त्याच जुलैत वर्षाचं अक्षर बदललं. 'एन' गेला, 'ओ' आला.

आता एक हिशेब करू. आम्ही तत्त्वज्ञानाचे, आकडेमोडीत कच्चे, म्हणून आपणही सोबत करा. ही डबी जवळजवळ एक ट्रॉय औंसाची आहे, ३१ ग्रॅम, आपल्या मापात पावणेतीन तोळ्यांना जरा कमी. १८८८ चा भाव ४३ पेन्स. बारा पेन्सांचा एक शिलिंग. म्हणजे नुसत्या चांदीचे साडेतीन शिलिंगांहून थोडे जास्त. त्यावर राणीचा कर, दीड शिलिंग. झाले पाच शिलिंग एक पेनी. यात कारागिराची मजुरी नाही, मुलामा नाही, दुकानदाराचा नफा नाही. तिकडे काडी बनवणाऱ्या मुलीची आठवड्याची कमाई चार शिलिंग. तिनं आठवडाभर एक पैसाही खर्च केला नसता तरी आपण केलेल्या काड्या ठेवायच्या डबीचा धातू आणि त्यावरचा कर तिला परवडला नसता. आणि साधी पुठ्ठ्याची पेटी? ती बायका घरी बसून चिकटवत. १४४ पेट्यांना अडीच पेन्सच्या आसपास, त्यातही खळ आणि दोरा स्वतःचा.

पुढचं भराभर सांगतो. १८९१ मध्ये साल्व्हेशन आर्मीनं तांबड्या फॉस्फरसच्या काड्यांचा आपला कारखाना काढला, मजुरीही जास्त दिली. काड्या महाग पडल्या, धंदा टिकला नाही. १८९८ मध्ये ब्रायंट अँड मेला रोगाच्या केसेस लपवल्याबद्दल दंड झाला. १९०१ मध्ये कंपनीनं पांढरा फॉस्फरस सोडला. १९०६ ला बर्न इथे देशादेशांचा करार झाला, ब्रिटनमध्ये १९१० पासून बंदी आली, आणि हिंदुस्थानात १९१३ चा कायदा. रोग माहीत झाल्यापासून बंदीपर्यंत साठ-पासष्ट वर्षं.

डबीही त्याच सुमाराला संपली, पण दुसऱ्याच कारणांनी. सुरक्षित काडीला तिची स्वतःची पेटी लागते, ती दुसऱ्या डबीत घालून उपयोग नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या हातात लायटर आला. घड्याळ खिशातून मनगटावर गेलं, साखळी गेली, आणि साखळी गेल्यावर तिला लटकणारी डबी कुठे राहणार? आपल्याकडे तोवर स्वीडनच्या काड्या येत होत्या. १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलाच्या विम्कोनं अंबरनाथला कारखाना टाकला. कल्याणकडच्या श्रोत्यांना तो आठवत असेल.

मागे हा विषय एका अभ्यासमंडळात मांडला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, एवढं सगळं माहीत झाल्यावर ही डबी तुम्ही जवळ कशी ठेवता?" प्रश्न रास्त होता. आम्ही तेव्हा काहीतरी ॲरिस्टॉटलचं सांगून वेळ मारून नेली. प्रयोजन संपलेली वस्तू ही निव्वळ वस्तू उरते, वगैरे. ती समाधानी झाली नाही, आणि खरं तर आम्हीही नाही. तळाच्या खाचांकडे पाहिलं की कळतं, प्रयोजन संपत नाही, ते धातूत राहतं. डबी वितळवली तर तीस ग्रॅम चांदी मिळेल. मग तो मुलाम्याचा पिवळा थर, तो झिजलेला कोपरा आणि 'ओ' हे अक्षर, तिन्ही जातील. राणीचा मुखवटा आम्ही जवळजवळ घालवलाच आहे. आता आणखी काही घालवायची आमची तयारी नाही. तेवढंच उत्तर आमच्यापाशी आहे, आणि ते तिला पुरेल असं आम्हाला वाटत नाही. गेल्या सहा वर्षांत आम्ही ती घासलेली नाही. पुन्हा काळवंडत चालली आहे, काळवंडू दे.

तर आता डबी पहिल्या रांगेतून मागे जाऊ द्या. भिंगही बरोबर देतो. ठसे झाकणाच्या कडेला आहेत, उजेडाकडे तिरकी धरा, म्हणजे राणी दिसेल. झाकण उघडताना नखानं उघडू नका, बाजूला छोटी पाकळी आहे तिच्यावर अंगठा ठेवा. आणि परत देताना रुमालानं पुसू नका, कृपा करून. तोवर कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.